पोस्टपेडवरून प्रीपेडवर : नंबर तोच, बिल बंद

पोस्टपेडचं सिम प्रीपेड करण्याचं प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं आहे. लोक अडकतात ते त्याच्या आधी आणि नंतर. कुणाचं जुनं बिल थकलेलं निघतं, कुणाच्या खात्यातून पुढचे तीन महिने पैसे कापले जातात, कुणाचं यूपीआय नेमकं केळीच्या गाडीचं भाडं द्यायच्या दिवशी बंद पडतं. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका.

एक गोष्ट आधीच पक्की करा: नवा नंबर घ्यायचा नाही. 'जुनं बंद कर आणि नवं प्रीपेड घे' हा सल्ला गावात सर्रास मिळतो, कारण दुकानदाराला नवं सिम विकणं सोपं जातं. पण तुमचा नंबर आधारला, बँकेला, पीएम किसानला, ई-पीक पाहणीला, वीजबिलाला आणि गॅसच्या बुकिंगला जोडलेला असतो. नंबर बदलला की यातली प्रत्येक जागा वेगळी दुरुस्त करावी लागते. नंबर तोच ठेवून फक्त बिलाची पद्धत बदलता येते.

तुम्ही कशाने बांधलेले आहात?

आपल्याकडच्या साध्या पोस्टपेडला वर्ष-दोन वर्षांचा करार सहसा नसतो. बिल भरलं की तुम्ही मोकळे. बांधून ठेवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. पहिली, फॅमिली प्लॅन. मुख्य नंबर तुमचा आणि त्याखाली घरातले दोन-तीन नंबर जोडलेले असतील, तर आधी ते सोडवावे लागतात. नाहीतर मुख्य नंबरची विनंती पुढे सरकत नाही किंवा खालचे नंबर वेगळ्या, महागड्या प्लॅनवर जाऊन बसतात. दुसरी, नंबर कुणाच्या नावावर आहे. नोकरीच्या ठिकाणाहून, जिनिंगमधून किंवा पतसंस्थेतून मिळालेला नंबर संस्थेच्या नावावर असेल, तर संस्थेचं पत्र आणि नावबदल झाल्याशिवाय काही होत नाही. वडिलांच्या नावावर असेल तर त्यांनाच सोबत न्या. तिसरी, घरचं वायफाय आणि मोबाईल एकाच बिलात असणं. मोबाईल बाहेर काढल्यावर वायफायचा दर काय होईल ते आधी विचारा.

पोस्टपेडसोबत फुकट मिळालेलं सिनेमा-मालिकांचं सबस्क्रिप्शनही जातं. त्याचं फार दुःख करू नका, ते फुकट नव्हतंच.

बिलाचा खरा आकडा काढा

पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. प्रीपेड पॅकच्या किमतीत तो धरलेलाच असतो. म्हणजे ३९९ रुपयांचा पोस्टपेड प्लॅन हातात पडतो ४७० रुपये ८२ पैशांना, वर्षाचे साधारण ५,६५०. तुलना या आकड्याशी करा. आणि गेल्या तीन बिलांत डेटा किती वापरला ते बघा. महिन्याला ४० जीबी मिळत असताना वापर १२ जीबीच असेल, तर तुम्हाला रोज दोन जीबीच्या पॅकची गरज नाही.

त्याच कंपनीत की दुसऱ्या?

घरात, शेतात आणि कामाच्या जागी रेंज नीट असेल तर त्याच कंपनीत प्रीपेड व्हा. दोन पैसे स्वस्त म्हणून कंपनी बदलण्यात अर्थ नाही. दर कधीही बदलतात, टॉवर तिथेच राहतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या शहरांत बहुतेक कंपन्या चालतात. पण शिरपूर-चोपड्याच्या वरच्या अंगाला, यावल-रावेरच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात, अक्कलकुवा-धडगावच्या दऱ्यांत एका पाड्यावर जे सिम चालतं ते पलीकडच्या पाड्यावर मुकं होतं. तिथे कंपनीचा नकाशा पाहून निर्णय घेऊ नका. शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम अर्धा तास आपल्या फोनमध्ये घालून, घरात आणि विहिरीवर दोन्हीकडे फोन लावून बघा.

फोन जुना बटणांचा असेल तर आणखी एक खबरदारी. जिओचं नेटवर्क ४जी आणि ५जीचंच आहे, २जी नाही. साध्या २जी फोनमध्ये ते सिम चालणार नाही. बीएसएनएलकडे जाणार असाल तर ४जी सिमच मागा.

रस्ता पहिला : त्याच कंपनीत

बिल निघाल्यावर लगेच, पूर्ण बिल भरून, दोन-तीन दिवसांत हे काम करा. म्हणजे शेवटचं बिल थोड्याच दिवसांचं येतं. बिल भरल्याची पावती फोनमध्ये जपून ठेवा.

सप्टेंबर २०२१ पासून यासाठी नवीन कागदपत्रं लागत नाहीत, ओटीपीवर काम होतं. कंपनीच्या अ‍ॅपवर, वेबसाइटवर किंवा ग्राहक सेवेला फोन करून विनंती टाकायची. उत्तरात एक एसएमएस येतो. त्यात विनंतीचा क्रमांक आणि ओटीपी असतो आणि ओटीपी दहा मिनिटंच चालतो. ओटीपी टाकला की तुमची संमती झाली. बदल होताना सेवा थोडा वेळ बंद पडते, पण नियमाने अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. सिम बहुतेक वेळा तेच राहतं.

व्यवहारात एक गंमत दिसते. प्रीपेडवरून पोस्टपेडवर न्यायचं बटण अ‍ॅपच्या तोंडावरच असतं आणि उलट दिशेचं शोधून सापडत नाही. अशा वेळी वेळ न घालवता कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये आधार घेऊन जा. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या टपरीवर हे काम होत नाही. 'साहेब, पोस्टपेडमध्येच कमी भाड्याचा प्लॅन देतो' हे ऐकायला मिळेल. प्रीपेडच करायचं ठरलं असेल तर ठाम राहा.

बदल झाल्यावर नंबर लगेच चालू होईलच असं नाही. पहिला रिचार्ज मारावा लागतो. तो स्टोअरमध्ये बसूनच करा, तिथूनच एक फोन लावा, एक घ्या, नेट उघडून बघा आणि मग उठा.

परत पोस्टपेडवर जायचं ठरलं तर? जून २०२५ च्या नियमाप्रमाणे पहिल्या वेळी ३० दिवसांनी ओटीपीवर परतता येतं. त्यापुढच्या प्रत्येक बदलाला ९० दिवस थांबावं लागतं. त्याआधीच घाई असेल तर स्टोअरमध्ये पुन्हा केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करून करता येतं.

रस्ता दुसरा : नंबर पोर्ट करून

पोर्ट करणं म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेणं. आधी तुमचा नंबर त्या लायकीचा आहे का ते बघा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. निघालेलं बिल थकलेलं नको. नावबदलाची विनंती अर्धवट पडलेली नको. आणि सिम हरवलं-तुटलं म्हणून बदलून घेतलं असेल तर त्यानंतर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. जुलै २०२४ पासूनची ही अट लोकांना माहीत नसते, आणि सिम खराब झालं म्हणून बदलून घेऊन दुसऱ्याच दिवशी पोर्ट करायला जाणारे इथेच अडतात.

मग एसएमएस. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पी-ओ-आर-टी, एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर, आणि हा मेसेज १९०० वर. ज्या नंबरचं पोर्टिंग करायचं त्याच सिमवरून पाठवा. दोन सिमच्या फोनमध्ये हमखास चुकतं ते इथेच. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो आणि मुदत मेसेजमध्येच लिहिलेली असते. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांत गोंधळ होतो, म्हणून कोड कागदावर उतरवू नका, मेसेजच दाखवा. कोडऐवजी नकाराचा मेसेज आला तर त्यात कारण असतं. बहुतेक वेळा ते थकबाकीचं असतं. बिल कालच भरलेलं असेल तर ते जमा व्हायला एक-दोन दिवस द्या आणि पुन्हा पाठवा.

कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या स्टोअरमध्ये किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जा. 'प्रीपेडमध्ये पोर्ट' असं स्पष्ट सांगा. अंगठा देताना मशीनकडे लक्ष ठेवा. 'उमटला नाही, परत द्या' म्हणून दोन-तीनदा अंगठा घेणं कधी खरं असतं, शेतीकाम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतातच. पण याच बहाण्याने तुमच्या नावावर दुसरं सिम निघू शकतं. प्रत्येक वेळी 'आधीचं रद्द झालं का' हे पडद्यावर दाखवायला सांगा. ठसा येतच नसेल तर फोटो आणि कागदपत्रांवर होणारी केवायसी करता येते.

एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागात, पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात, एका सर्कलमधून दुसऱ्यात पाच. खान्देशातले तिन्ही जिल्हे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. मुंबई हे वेगळं सर्कल आहे. सुरतेला उधना-लिंबायतीत राहणारे आणि गावचा नंबर वापरणारे बरेच आहेत. त्यांना तिथल्या कंपनीत नंबर न्यायचा असेल तर पाच दिवस धरावेत. रविवार आणि सुट्ट्या या मोजणीत नसतात. आखाजी (अक्षय तृतीया) किंवा दिवाळीच्या तोंडावर पोर्ट टाकलं, तर ऐन सणात फोन मधल्यामध्ये लटकलेला राहतो.

मन बदललं तर विनंती दिल्यापासून २४ तासांत सी-ए-एन-सी-ई-एल आणि नंबर असा मेसेज १९०० वर टाकून थांबवता येतं.

जुनं सिम चालतंय तोवर काढू नका. पोर्टिंगची तारीख आणि वेळ एसएमएसने कळते, बदल बहुधा रात्री होतो. जुन्या सिमवर नेटवर्क गेलं की नवं घाला. काही तास दोन्ही मुकी राहिली तर घाबरू नका. मग नव्या कंपनीने सांगितलेल्या नंबरावर फोन करून पडताळणी पूर्ण करा.

आणि शेवटचं बिल. पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं उरलेल्या दिवसांचं बिल येतं. 'आता माझा काय संबंध' म्हणून ते सोडून देऊ नका. ते थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून तुमचा नंबर बंद करायला लावू शकते.

बदलानंतरच्या दोन दिवसांत

ऑटो-पे. पोस्टपेडचं बिल बँकेतून किंवा कार्डावरून आपोआप जात असेल तर शेवटचं बिल गेल्यावर ती परवानगी बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमधून स्वतः रद्द करा. कंपनी ती काढेल या भरवशावर राहू नका.

अनामत. पोस्टपेड घेताना भरलेली असेल तर ती मागा. दोन महिने उलटून गेले तरी आली नाही तर तक्रार करा.

यूपीआय. सिम बदललं की यूपीआय अ‍ॅप नंबराची पुन्हा खात्री मागतं आणि त्यासाठी तुमच्या फोनमधून एक साधा एसएमएस बाहेर जातो. पॅकमध्ये एसएमएस नसतील आणि बॅलन्सही शून्य असेल तर तो जात नाही, अ‍ॅप नुसतं गोल फिरत राहतं. म्हणून दहा रुपयांचा टॉप-अप मारून ठेवा. हातात सात रुपये सत्तेचाळीस पैसे येतात, तेवढे पुरतात. पुन्हा नोंदणी केल्यावर पहिले २४ तास व्यवहाराची मर्यादा बऱ्याचदा ५,००० रुपयांवर येते. मोठं देणं असेल तर ते आधीच उरकून घ्या. त्याच कंपनीकडून बदली सिम घ्यावं लागलं तर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवलेले असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येणार नाही. फसवणूक रोखण्यासाठीचा नियम आहे तो, सिममध्ये बिघाड नाही.

पॅक निवडताना दिवस मोजा

प्रीपेडचा 'महिना' बहुतेक वेळा २८ दिवसांचा असतो. वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. पॅकच्या किमतीला दिवसांनी भागा, तेवढाच खरा दर. समजा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांना आहे: रोजचे १० रुपये ६८ पैसे, वर्षाचे साधारण ३,९००. तशाच डेट्याचा ८४ दिवसांचा पॅक ८५९ ला आहे: रोजचे १० रुपये २३ पैसे, वर्षाचे ३,७३० च्या आसपास. फरक वर्षाला पावणेदोनशेच्या आत. कंपनी नवी असेल तर एवढ्यासाठी पहिल्याच दिवशी ८४ दिवसांचे पैसे अडकवू नका. पहिला पॅक २८ दिवसांचा, रेंज पटली की मोठा. शिवाय प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा एक पॅक ठेवलाच पाहिजे असा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) २०२२ चा नियम आहे. पगारदाराला तारखेचा पॅक लक्षात ठेवायला सोपा. तो जाहिरातीत पुढे नसतो, यादीत खाली शोधा.

पोस्टपेडवरून आलेल्याला पहिला धक्का बसतो तो रोजच्या डेट्याच्या मर्यादेचा. पोस्टपेडमध्ये महिनाभराचा डेटा एकत्र असतो, हवा तेव्हा वापरा. प्रीपेडच्या बहुतेक पॅकमध्ये रोज दीड किंवा दोन जीबी, रात्री बारानंतर नवा हिशेब, उरलेला साठत नाही. लग्नाचे व्हिडिओ संध्याकाळी पाठवायला बसलात तर नऊ वाजता वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि नुसता फोटोही हलत नाही. वापर असा कधी खूप, कधी काहीच नाही असा असेल तर रोजच्या मर्यादेऐवजी एकत्र डेटा देणारा पॅक बघा. वरचा डेटा व्हाउचर घेताना तो एक दिवसाचा आहे की चालू पॅक संपेपर्यंतचा हे वाचा, किमती जवळजवळ सारख्याच दिसतात. अमर्याद ५जी सगळ्या पॅकवर नसतं, तेही बघून घ्या.

घरातल्या म्हाताऱ्यांना नेट लागत नसेल तर डेट्याचे पैसे भरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला. आता कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवावा लागतो आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार तो आपणहून सांगत नाही. 'नेट नको, फक्त बोलायचं' असं मागा.

रिचार्ज कंपनीच्याच अ‍ॅपवरून केला तर वरचे दोन-तीन रुपये वाचतात. काही पेमेंट अ‍ॅप शुल्क लावतात. नंबर दोनदा वाचा. चुकीच्या नंबरावर गेलेला रिचार्ज परत मिळणं कठीण.

'बॅलन्स सरी गया' (संपला) म्हणून हात झटकायची सवय मात्र सोडावी लागेल. पोस्टपेडमध्ये बिल उशिरा भरलं तर दंड लागतो, प्रीपेडमध्ये पॅक संपला की त्याच रात्री आउटगोइंग बंद. इनकमिंग काही दिवस रेटतं, मग तेही जातं आणि बँकेचे ओटीपीही थांबतात. नियमाने सलग ९० दिवस काहीच वापर नसेल आणि खात्यात २० रुपयांपेक्षा कमी असतील तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. ऊसतोडीला किंवा कामाला सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्यांनी जाताना लांब मुदतीचा कॉलिंग पॅक मारून निघावं. पाठीमागे घरी पडलेल्या दुसऱ्या सिमचाही यात विचार करा.

विहिरीवरचं सिम

फोनवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरमधलं सिम पोस्टपेड असेल तर तेही याच फेरीत प्रीपेड करा, त्याला डेटा लागतच नाही. पण त्याच्या अटी वेगळ्या आहेत. बरेच स्टार्टर २जीवर चालतात, तेव्हा तिथे २जी असलेल्याच कंपनीचं सिम हवं. पोर्ट करून आलेलं नवं सिम आधी साध्या फोनमध्ये घालून चालू करा, एक कॉल घ्या, सिमचा पिन लॉक असेल तर काढा आणि मगच स्टार्टरमध्ये बसवा. पिन लावलेलं सिम स्टार्टरला उघडता येत नाही. लाईट आल्यावर स्टार्टर तुम्हाला फोन किंवा एसएमएस करत असेल तर नुसती मुदत पुरत नाही, आउटगोइंग असलेला कॉलिंग पॅक हवा. त्याची मुदत संपण्याची तारीख स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहा. त्या सिमवर येणारे 'पॅक संपतोय' हे मेसेज वाचायला विहिरीवर कुणी नसतं, आणि रात्रपाळीच्या लाईटीत मोटर का लागली नाही हे सकाळी केळीला पाणी मिळालं नाही तेव्हाच कळतं.

अडलं तर

कोणत्याही कंपनीच्या तक्रारीसाठी १९८. तक्रारीचा क्रमांक एसएमएसने मागून घ्या. क्रमांकाशिवाय पुढे कुणी दाद देत नाही. तिथे उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत फुकट अपील करता येतं आणि ते ३९ दिवसांत निकाली काढावं लागतं. नकळत चालू झालेली गाणी-राशिभविष्याची सेवा १५५२२३ वरून बंद होते. प्रीपेडमध्ये तिचे पैसे थेट बॅलन्समधून जातात, म्हणून टॉप-अप मोठा ठेवू नका.

सगळं झाल्यावर आठवड्याभराने सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ चालतात. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' ही खूण करून तिथेच कळवा.